पाठीवर सॅक, पायाखाली शिवाजी पार्क

"काय बाळ, कुठल्या गावाला निघालीस?"

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्या एका आजोबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझी तिसरी फेरी चालू होती. रविवार सकाळचे साडेसहा. आजूबाजूला क्रिकेटच्या किट ओढत चाललेली पोरं, पांढरे बूट घालून झपाझप चालणाऱ्या काकू, आणि त्या सगळ्यांच्या मधून पाठीवर भली मोठी सॅक घेऊन घामाघूम झालेली मी. सॅकमध्ये काय? तर पाण्याने भरलेल्या आठ बाटल्या. बाकी काही नाही!

"कुठेच नाही आजोबा, इथेच फिरतेय," मी म्हटलं.

आजोबांनी शेजारच्या आजोबांकडे बघितलं. त्या एका नजरेत 'आजकालची मुलं' हे अख्खं वाक्य होतं.

तर मित्रांनो, ही आठ बाटल्यांची भानगड काय आहे, ते सांगण्यासाठी हा लेख. आधीच कबूल करते की मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे गाईड पाठ करून सोडवायचा एक पेपर, एवढीच माझी या भाषेशी ओळख. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा पोटात गोळाच आला. पण जे सांगायचं आहे ते मराठीतच सांगावं लागेल, कारण आमची फजिती झाली तीच मुळात मला मराठी न कळल्यामुळे!

फजितीची गोष्ट

हॉस्टेलवर आल्यावर ज्या गोष्टींचं वेड लागतं, त्यातलं एक म्हणजे ट्रेकिंग. मेसच्या डाळीला कंटाळलेली पाच टाळकी, सबमिशन संपल्याचा आनंद आणि कुणाच्या तरी मोबाईलमधले धुक्यातल्या किल्ल्याचे फोटो, एवढ्या भांडवलावर आम्ही गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी कर्जतच्या बाजूच्या एका किल्ल्यावर निघालो. फोटो पावसाळ्यातले होते आणि आम्ही निघालो होतो उन्हाळ्यात, हा बारीकसा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नाही. प्रत्येकाकडे एक लिटरची एक बाटली. माझ्याकडे कॉलेजचीच बॅग, तिचा एक बंद सेफ्टी पिनने लावलेला. पायथ्याच्या गावात पोहोचेपर्यंत साडेदहा वाजले.

अर्ध्या चढावर एक सपाट झाडीचा टप्पा लागला. तिथे लाकडाची मोळी बांधत बसलेल्या एका आजीने आम्हाला थांबवलं. म्हणाली, "पोरांनो, येताना सोंडंनंच उतरा. नाळंनं जाऊ नका, नाळंत कडा हाय."

आता माझ्या डिक्शनरीत सोंड म्हणजे हत्तीची आणि नाळ म्हणजे बायॉलॉजीच्या पुस्तकातली. आम्ही "हो आजी, हो आजी" केलं आणि पुढच्या वळणावर जाऊन खो खो हसलो. कुणीतरी हत्तीची नक्कलही करून दाखवली.

दोन वाजता माथ्यावर पोहोचलो तेव्हा पाणी जवळजवळ संपलं होतं. खाली बघितलं तर दोन कड्यांच्या मधून दगडगोट्यांनी भरलेली एक घळ थेट गावाकडे उतरताना दिसली. शॉर्टकट! तासाभरात खाली, असा हिशोब करून आम्ही त्यात घुसलो. दीड तास उतरल्यावर पायाखालची वाटच संपली. समोर वीसेक फुटांचा सरळ कातळ, पावसाळ्यात जिथून धबधबा कोसळतो ती जागा. उडी मारता येईना, उतरता येईना. आजीने सांगितलेली 'नाळ' म्हणजे हीच, आणि 'नाळेतला कडा' तोच, हे कळलं तेव्हा पाच वाजत आले होते.

परत वर चढायला लागलो आणि माझ्या रूममेटच्या पोटऱ्यांत पेटके यायला लागले. मग उलटी झाली. मग ती एका दगडाला टेकून बसली ती उठेचना. मोबाईलला रेंज नाही, टॉर्च नाही, पाणी नाही. मला पोहता येतं, गाडी चालवता येते, सी प्रोग्रॅमिंग येतं; पण त्या क्षणी यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. अंधार पडताना तिचा हात हातात धरून बसणं एवढंच मी करू शकत होते. तिच्या आईला आदल्या रात्री फोनवर मीच म्हटलं होतं, "काकू, मी आहे ना."

सोंडेवरून कुणी उतरलेलं दिसलं नाही, म्हणून त्या आजीनेच गावातल्या दोघांना बॅटऱ्या घेऊन पाठवलं होतं. त्यांनी आम्हाला शोधलं, मीठ-साखर घातलेलं पाणी घोट घोट पाजलं आणि सोंडेनं खाली आणलं. साडेनऊला गावात पोहोचलो. कुणाला काही झालं नाही. पण 'झालं नाही' याचं श्रेय आम्हा पाचांपैकी एकाचंही नाही.

मामाची शाळा

माझा मामा शिवाजी पार्कजवळ राहतो. तो १९८० च्या दशकात प्रत्येक शनिवारी रात्री शेवटची कसारा नाहीतर कर्जत लोकल पकडून सह्याद्रीत जाणाऱ्यांपैकी. मला वाटलं तो ओरडेल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुन्हा जायचंय?"

मी म्हटलं, "हो."

"मग रविवारी सकाळी पार्कात ये. सॅक माझी देतो, पाणी तू भर."

शिवाजी पार्कचा उपयोग मुंबईने आजवर कशाकशासाठी केला नाही? महापालिकेने १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. इथे सभा गाजल्या, आचरेकर सरांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला. पण आमच्यासारख्यांना उपयोगी पडणारी गोष्ट वेगळीच आहे: मैदानाभोवतीचा कट्टा. त्याची एक फेरी साधारण १.१७ किलोमीटर भरते. पाच फेऱ्या म्हणजे जवळजवळ सहा किलोमीटर. अंतर ठाऊक, वाट सपाट, पाणी आणि घर जवळ. चुका करायला यापेक्षा चांगली जागा नाही, असं मामा म्हणतो. डोंगरात जी चूक जिवावर बेतते, ती इथे फार तर आजोबांच्या हसण्यावर निभावते.

पुढे चार धडे देते. इंजिनिअरिंगवाल्यांना यातलं गणित येतंच, फक्त ते कुणी पाठीवर घेऊन बघितलेलं नसतं.

धडा पहिला: सॅक, म्हणजेच मोमेंट

पहिल्या रविवारी मी बाटल्या हाताला येतील तशा कोंबल्या. दोन फेऱ्यांत खांदे भरून आले आणि मी कुबड काढून चालायला लागले. मामा म्हणाला, "तू इंजिनिअर ना? मग ही मोमेंटची भानगड तुला मी काय सांगू?"

हिशोब सोपा आहे. दहा किलोची सॅक म्हणजे साधारण ९८ न्यूटन वजन. तिचा गुरुत्वमध्य पाठीपासून १० सेंटीमीटरवर असेल तर पाठीला मागे ओढणारा मोमेंट ९.८ न्यूटन-मीटर. तेच जड सामान बाहेरच्या कप्प्यात गेलं आणि गुरुत्वमध्य २५ सेंटीमीटरवर सरकला, तर मोमेंट २४.५. वजन तेवढंच, पण ओढ अडीच पट! ती तोलायला आपण पुढे वाकतो आणि मग कंबर, मान, गुडघे सगळेच बोंबलतात.

म्हणून सॅक भरण्याची पद्धत अशी. तळाला हलक्या आणि शेवटी लागणाऱ्या वस्तू, म्हणजे जादा कपडे वगैरे. सगळ्यात जड वस्तू, म्हणजे पाणी, पाठीला चिकटून आणि पाठीच्या मधल्या उंचीवर. टॉर्च, शिट्टी, औषधं आणि खाऊ हाताशी, वरच्या कप्प्यात. बाहेर काहीही लोंबकळत ठेवायचं नाही. कमरेचा पट्टा असेल तर तो आधी आवळायचा आणि मग खांद्याचे बंद ओढायचे, म्हणजे बराचसा भार खांद्याऐवजी कमरेच्या हाडावर जातो. सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावं. पन्नास किलोच्या मुलीने दहा किलोच्या पुढे जायचं कारण नाही.

पार्कात सपाटीचा सराव होतो, चढाचं काय? त्याला आपलं हॉस्टेल आहे की! तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत साधारण बारा मीटर. दहा वेळा चढलं की १२० मीटर. मामाची एक युक्ती इथे कामाला येते: वजनासाठी सॅकमध्ये पाणीच भरायचं आणि पाय थकले की ते ओतून द्यायचं. उतरताना गुडघ्यांवर भार नको. त्यामुळे पार्काच्या कडेच्या एका झाडाला गेले कित्येक रविवार आमच्याकडून पाणी मिळतंय.

धडा दुसरा: पाणी, म्हणजेच थर्मोडायनॅमिक्स

आम्ही एक लिटर पाणी घेऊन गेलो, यात नेमकं किती चुकलं? करून बघू.

साठ किलोची व्यक्ती आणि दहा किलोची सॅक, मिळून ७० किलो. ६०० मीटर चढायचं. काम = ७० × ९.८ × ६०० = सुमारे ४ लाख १२ हजार ज्यूल, म्हणजे ९८ किलोकॅलरी. फारच कमी वाटतं ना? पण आपले स्नायू हे काही आदर्श इंजिन नाही. त्यांची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के. २० टक्के धरली तर शरीराला ४९० किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात. त्यातल्या ९८ चढण्यात गेल्या, उरलेल्या ३९० च्या आसपास नुसती उष्णता झाली.

ही उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घामाची वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे नुसत्या चढाची उष्णता घालवायला पाऊण लिटरच्या जवळपास घाम *सुकायला* हवा. कोकणाच्या बाजूच्या दमट हवेत घाम सुकतो कुठे? निम्मा तर हनुवटीवरून टपकतो आणि वाया जातो. त्यात डोक्यावर ऊन, तापलेला काळा कातळ आणि उतरणं अजून बाकी. आमचं एक लिटर अर्ध्या वाटेतच का संपलं, याचं उत्तर हे.

दिवसभराच्या ट्रेकला माणशी तीन ते चार लिटर पाणी हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि नुसतं पाणी पुरत नाही, कारण घामातून मीठही जातं. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू पिळलं तर पोटात जायला सोपं.

पेटके, मळमळ, डोकेदुखी, चक्कर ही लक्षणं दिसली की थांबायचं. सावली, पाणी, विश्रांती. "जरा चल, पुढे बसू" असं अजिबात म्हणायचं नाही. आम्ही म्हटलं होतं. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि जमेल तेवढ्या लवकर दवाखाना गाठायचा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

धडा तिसरा: घड्याळ

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला. आजच्या मापात सांगायचं तर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा सहा किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ आहे. अंतराचा एक तास बारा मिनिटं, चढाचा एक तास, म्हणजे दोन तास बारा मिनिटं.

हे झालं धडधाकट माणसाचं, चांगल्या वाटेवरचं. पाच जणांचा ग्रुप, ऊन, फोटो, चुकलेल्या वाटा आणि "पाच मिनिटं बसू या" धरून आपण सरळ दीडपट करायचं, नवखे असतील तर दुप्पट. मी पार्कात सॅक घेऊन सहा किलोमीटरला किती वेळ लागतो ते मोजलं. पहिल्या रविवारी दीड तासाच्या वर गेला. सपाटीवर! तो आकडा बघितला आणि 'तासाभरात खाली' या आमच्या हिशोबाची लाज वाटली.

यातून मामाचा सगळ्यात कडक नियम येतो: परतीची वेळ घरूनच ठरवायची. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पायथ्याला पोहोचायचं, असा उलटा हिशोब मांडून ती वेळ कागदावर लिहायची. ती वाजली की माथा शंभर पावलांवर असला तरी मागे फिरायचं. वर असताना मन वकिली करतं, म्हणून निर्णय खालीच घेऊन ठेवायचा.

त्या कागदाची एक प्रत हॉस्टेलवर रेक्टर सरांकडे किंवा मॅडमकडे द्या. कोण कोण चाललंय, कुठला किल्ला, कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजता फोन करणार. परवानगी मिळणार नाही म्हणून लपवून जाणारे आपल्यात बरेच आहेत (आम्हीही त्यातलेच होतो!), पण आपण कुठे आहोत हे कुणालाच माहीत नसेल तर शोधायला येणार कोण? आमच्या नशिबाने आजीला माहीत होतं. आणि शिट्टी ठेवा. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. हा जगभर डोंगरात चालणारा मदतीचा इशारा आहे. ओरडून घसा बसतो, शिट्टीला काही होत नाही.

धडा चौथा: शब्द

हा धडा खास माझ्यासारख्यांसाठी.

मामाने एके दिवशी कट्ट्यावर बसून काडीने लाल मातीत एक जिना काढला. म्हणाला, हा सह्याद्री. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. कठीण थर टिकले, त्यांचे उभे कडे झाले. मऊ थर झिजले, त्यांचे उतार आणि सपाट टप्पे झाले. भूगर्भशास्त्रात याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आलाय. आमच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ लागू पडले!

हा जिना एकदा डोळ्यांपुढे आला की गावकऱ्यांचे शब्द आपोआप उलगडतात:

*सोंड:* मुख्य डोंगरातून निघून हळूहळू खाली मैदानात उतरणारा लांब दांडा. हत्तीची सोंड कशी वरून जमिनीपर्यंत टेकते, अगदी तशी. बहुतेक वेळा चढउतरायची सोपी वाट हीच. ज्या शब्दावर आम्ही हसलो, तो वाटेचं अचूक चित्र होता.

*नाळ:* दोन कड्यांमधली अरुंद, दगडगोट्यांनी भरलेली, पाण्याने कापलेली घळ. काही नाळांतून वाटा आहेत, उदाहरणार्थ रायगड-लिंगाण्याच्या परिसरातली बोराट्याची नाळ. पण पाणी उतरतं म्हणजे माणूस उतरेलच असं नाही. जिन्याचा उभा टप्पा आला की पाणी उडी मारतं. आपण नाही मारू शकत.

*धार:* दोन्ही बाजूंना उतार असलेला डोंगराचा अरुंद माथा.

*खिंड:* दोन डोंगरांच्या मधली खोलगट, ओलांडायची जागा. १६६० मध्ये बाजीप्रभूंनी लढवलेली घोडखिंड, म्हणजेच पावनखिंड, आपल्याला शाळेपासून माहीत आहे. फक्त खिंड दिसते कशी, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं.

*पदर:* कड्याखालचा सपाट, बहुधा झाडीचा टप्पा. आजी आम्हाला भेटली ती पदरात. भीमाशंकरजवळच्या पदरगडाच्या नावात हाच शब्द आहे.

*माची:* किल्ल्याच्या मुख्य माथ्याखालची सपाट, तटबंदीने बांधलेली जागा. राजगडाला अशा तीन आहेत: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. त्यांच्या वर असतो तो बालेकिल्ला.

*टाकं:* कातळात खोदलेला पाण्याचा हौद. गडावरचं टाकं मार्चमध्ये कोरडं आहे की भरलेलं, हे गावातच विचारून घ्यायचं.

*घसारा:* सुट्या मुरमाची, पाय सरकणारी जागा.

*ढोरवाट:* गुरांच्या येण्याजाण्याने पडलेली वाट. दिसायला झकास, पण ती किल्ल्यावर जात नाही. गुरांना किल्ल्यात इंटरेस्ट नसतो, त्यांना चारा हवा असतो.

हे दहाबारा शब्द म्हणजे डोंगराचा नकाशाच आहे. मोबाईलवरचा नकाशा रेंज गेली, बॅटरी संपली की बंद पडतो. हा नकाशा गावातल्या कुणाच्याही तोंडी असतो आणि फुकट मिळतो. अट एकच: समोरचा बोलत असताना हसायचं नाही. कळलं नाही तर सरळ म्हणायचं, "आजी, सोंड म्हणजे कुठली? बोटाने दाखवा ना."

आपल्याआधी चाललेले

ट्रेकिंग हे आपल्या पिढीचं फॅड आहे असं मलाही वाटायचं. पण गोनीदांनी, म्हणजे गो. नी. दांडेकरांनी (१९१६-१९९८) किल्ले पायी पालथे घातले तेव्हा ना हे बूट होते ना या सॅक. मुंबईतली गिरिविहार ही संस्था १९५४ पासून आहे. १९८८ मध्ये गिरिविहारची मोहीम ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजुंगावर गेली, तिचे नेते वसंत लिमये. हे लिमये आयआयटी मुंबईत शिकलेले इंजिनिअर आहेत, ही बातमी घरी आई-बाबांना जरूर सांगा! मे १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी.

वारशाची पाटी लागली की गर्दी वाढणार. सोबत प्लास्टिकच्या बाटल्या वाढणार आणि अडकणारेही वाढणार. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे लोक आपली कामं टाकून अडकलेल्यांना काढायला धावतात. आपण त्यांचं काम वाढवायचं की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या सॅकमध्ये काय आहे त्यावर ठरतं.

पुन्हा तिथेच

या डिसेंबरात आम्ही पाचही जण त्याच किल्ल्यावर परत गेलो. आदल्या रात्री गावातच मुक्काम केला आणि उजाडताना निघालो. माणशी तीन लिटर पाणी, पाच टॉर्च, पाच शिट्ट्या, कागदावर परतीची वेळ: बारा. वाटेत दोनदा ढोरवाटेने फसवलं, तासभर त्यात गेला. बारा वाजले तेव्हा आम्ही शेवटच्या कातळटप्प्याखाली होतो. वरचा तट दिसत होता. वीस मिनिटांचा प्रश्न होता फक्त!

ग्रुपमधला एक जण म्हणाला, "आता फिरायचं? वेडे आहात का?" खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. मी रूममेटकडे बघितलं. ती काही बोलली नाही. तिने फक्त खिशातून कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला.

आम्ही फिरलो. तो तासभर आमच्याशी बोलला नाही. सोंडेनं उतरताना खालच्या नाळेकडे माझं लक्ष सारखं जात होतं. वरून बघताना ती आजही तितकीच सोपी दिसते, याचीच भीती वाटली.

आजी तिच्या अंगणात बसली होती. तिने आम्हाला ओळखलं आणि हाताने पाच मोजले.

"दिसाउजेडी आलात," ती म्हणाली. "बरं झालं. चा घेता?"

माथा राहिला तो राहिलाच. पुढच्या हिवाळ्यात बघू. तोपर्यंत दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही शिवाजी पार्कात महाराजांच्या पुतळ्यापाशी भेटतो. ज्यांना यायचं असेल त्यांनी या. बाटल्या हॉस्टेलवरूनच भरून आणा, सॅकमध्ये पाठीला चिकटवून ठेवा. आणि आजोबांनी विचारलंच की कुठल्या गावाला निघालात, तर पटकन त्या दोन आजोबांच्या मध्ये बसून घ्या. मी तसंच केलं. ते दोघेही तरुणपणी राजगडला जाऊन आलेले निघाले, आणि माझी पाचवी फेरी राहून गेली.